हातच्या कामातली उणीव सांगायची कशी?

वाचकाचे पत्र, थोडक्यात: पत्रलेखिका नागपूरच्या आहेत. शाळेत अनेक वर्षे शिवण आणि भरतकाम शिकवून त्या निवृत्त झाल्या. त्यांच्या वस्तीतल्या दहा-बारा बायकांचा एक गट दर शनिवारी दुपारी एकत्र बसून विणकाम, भरतकाम आणि गोधड्यांचे काम करतो आणि दिवाळीआधीच्या एका प्रदर्शनात आपला स्टॉल लावतो. विक्रीला ठेवायच्या वस्तू एकदा नजरेखालून घालण्याचे काम गटाने पत्रलेखिकेवर सोपवले आहे. गटातल्या एक ज्येष्ठ काकू पतीच्या निधनानंतर क्रोशा शिकल्या आणि आता मोठ्या हौसेने टेबलावर घालायचे गोल रुमाल विणतात. मात्र हे रुमाल सपाट बसत नाहीत आणि धुतल्यावर त्यांच्या धाग्याची टोके सुटतात. गेल्या वर्षी एका ग्राहक बाईंनी असा एक रुमाल परत आणला, तेव्हा पत्रलेखिकेने काकूंना कळू न देता स्वतःच्या पर्समधून पैसे परत केले. तेव्हापासून काकूंच्या वस्तू त्या आधी घरी नेतात, टोके पुन्हा ओवतात आणि मगच स्टॉलवर मांडतात. दोन वर्षांपूर्वी गटातल्या एका तरुण सभासदाच्या भरतकामाबद्दल त्या सगळ्यांसमोर ‘मागची बाजू किती गिचमिड आहे’ असे बोलून गेल्या होत्या आणि त्यानंतर त्या मुलीने गटात येणे सोडले. आता त्या प्रत्येकीला ‘छान झालंय’ एवढेच म्हणतात. त्यांच्या मुलीचे म्हणणे असे, की हाताने केलेल्या वस्तूत थोडे इकडेतिकडे व्हायचेच, त्यातच तिचे सौंदर्य असते. पत्रलेखिका विचारतात: ‘खरे बोलून काकूंना दुखवू, की खोटे बोलून त्यांचा आनंद टिकवू? आणि व्हॉट्सॲपवर फोटो पाठवून कसे झाले आहे असे विचारणाऱ्या मुलींना काय उत्तर देऊ?’

प्रिय ताई,

काकूंच्या रुमालांविषयी तुम्ही मला जितक्या बारकाईने लिहिले आहे, तितक्या बारकाईने काकूंशी त्याविषयी आजवर कोणीही बोललेले दिसत नाही. कड कुठे उचलली जाते आणि टोक कुठून सुटते हे तुम्हाला ठाऊक आहे, त्या ग्राहक बाईंना ठाऊक आहे, आणि पत्रामुळे आता मलाही ठाऊक झाले आहे. ज्यांनी तो रुमाल विणला त्यांनाच ते ठाऊक नाही. म्हणून तुमचा प्रश्न मला आहे तसा स्वीकारता येत नाही, कारण आपण गप्प राहिलो तर काकूंचे काहीच बिघडत नाही असे त्यात धरलेले आहे. प्रत्यक्षात त्यांचे बरेच बिघडते आहे. क्रोशासारखे दिसणारे यंत्रावरचे कापड बाजारात मिळते, पण खरा क्रोशा अजूनही आकड्याच्या सुईने हातानेच विणावा लागतो, आणि एका मोठ्या रुमालात एका माणसाच्या कित्येक दुपारी जातात. तीच चूक घेऊन काकू पुढचा रुमाल सुरू करतात, त्यातही तेवढ्याच दुपारी जातात, आणि त्यांचे मन दुखू नये म्हणून आपण त्यांच्या त्या दुपारी वाया जाऊ देतो.

तुम्ही टोके पुन्हा ओवून ठेवता, त्यामागे माया आहे हे मी जाणते. तरीही तुमच्या पत्रातली हीच गोष्ट मला सर्वांत जास्त खटकली. स्टॉलवर ज्या वस्तूपुढे काकूंचे नाव लिहिलेले असते, ती वस्तू त्यांना कळू न देता दुसऱ्या हाताने दुरुस्त केलेली असते. विक्री झाली की काकूंना वाटते, आपले विणकाम जमले. समजा, पुढच्या वर्षी तुम्ही आजारी पडलात किंवा मुलीकडे पुण्याला गेलात आणि चार रुमाल परत आले, तर ते एकदम का परत आले हे काकूंना उमगणारच नाही. शिवाय अशी दुरुस्ती कधी ना कधी कळतेच. दहा-बारा जणींच्या गटात तर ती फार दिवस झाकून राहणार नाही. त्या दिवशी ‘तुमची कड थोडी उचलली जाते’ या वाक्यापेक्षा कितीतरी मोठा घाव त्यांना बसेल, कारण ज्या ताईंच्या नजरेवर त्या विसंबून होत्या, त्यांनी आपल्याला शिकण्याजोगे मानले नाही, असा त्याचा अर्थ त्या लावतील. तेव्हा पुढच्या शनिवारपासून ही दुरुस्ती थांबवा, असे मी तुम्हाला स्पष्टपणे सुचवते.

आता तुमच्या मुलीच्या म्हणण्याकडे वळते. ते अर्धे बरोबर आहे, आणि त्यातला बरोबर अर्धा कोणता हे ठरवल्याशिवाय कोणाच्याही हस्तकामाबद्दल न्यायाने बोलता येणार नाही. आपल्याकडच्या करवतकाठी साडीचेच पाहा. नागपूर आणि भंडाऱ्याच्या बाजूला विणल्या जाणाऱ्या या साडीचे अंग कोशाचे, म्हणजे टसर रेशमाचे, असते आणि काठावर करवतीच्या दात्यांसारखी नक्षी असते. दोन काठांसाठी आणि मधल्या अंगासाठी मिळून तीन धोटे, म्हणजे आडवा धागा नेणारी साधने, चालवावे लागतात, आणि प्रत्येक दात्यापाशी काठाचा धागा अंगाच्या धाग्यात हाताने अडकवत जावे लागते. या साडीच्या अंगावर जाड-बारीक धागा दिसतो तो कोशाचा स्वभाव आहे; त्याला दोष म्हणणाऱ्याने कोसा पाहिलेला नाही. एखादा दाता शेजारच्या दात्यापेक्षा किंचित लहान आला, तर तेथे विणकराचा हात दिसतो, आणि तेही चालते. पण दात्यापाशी धागा नीट अडकवला गेला नाही आणि काठ व अंग यांच्यामध्ये फट राहिली, तर ती साडी तेथूनच विरणार, आणि अशा वेळी ‘हातमागाची आहे हो’ असे म्हणून गिऱ्हाइकाची समजूत घालणे हा त्याच्यावर अन्याय आहे. केंद्र सरकारने २०१५ साली हातमागाच्या दर्जेदार कापडासाठी ‘इंडिया हँडलूम ब्रँड’ सुरू केला, त्यातही कापड हातमागाचे असणे पुरेसे धरलेले नाही; सूत, रंग आणि विणकाम यांच्या दर्जाची अट आहेच.

काकूंच्या रुमालाकडे याच नजरेने पाहा. क्रोशाचे दोन खांब, म्हणजे उभे टाके, शेजारी शेजारी उंचीला तसूभर कमीजास्त असतील, तर त्याबद्दल एक अक्षरही बोलण्याची गरज नाही. रुमाल सपाट न बसणे मात्र निराळे आहे, कारण त्यावर ठेवलेला तांब्या डगमगतो. टोक सुटणे त्याहून निराळे, कारण तेथून रुमाल उसवत जातो. या दोन्ही गोष्टी वस्तूच्या कामात आणि आयुष्यात अडथळा आणतात, म्हणून त्या सांगितल्याच पाहिजेत. आणि काकू तांबड्याशेजारी गर्द हिरवा धागा वापरतात तो तुमच्या डोळ्यांना बोचतो, असे तुम्ही पत्रात जाता जाता लिहिले आहे, त्याबद्दल काहीच बोलू नका. ती त्यांची आवड आहे. त्यांनी आपण होऊन रंगाबद्दल विचारले तर ‘मला अमुक आवडले असते’ असे स्वतःकडे घेऊन सांगा, त्यापुढे जाऊ नका. वर्षानुवर्षे शिकवलेल्या माणसाची आवड आणि त्याचे शास्त्र यांची सरमिसळ फार सहज होते, आणि ऐकणाऱ्याला ती वेगळी करता येत नाही.

एवढे ठरल्यावरही लगेच बोलायला जाऊ नका. आधी कारण शोधा. तुमच्याजवळ ती विद्या आहे, आणि चांगल्या परीक्षणाचे खरे काम तेथेच सुरू होते. ‘सपाट बसत नाही’ हे तर कोणीही सांगेल. गोल विणताना खांबांची वाढ, म्हणजे दर फेरीत वाढवायच्या खांबांची संख्या, कमी पडली तर रुमाल टोपीसारखा आत वळतो, आणि वाढ जास्त झाली तर कडेला झालर पडू लागते. साधारण हिशोब असा, की पूर्ण, म्हणजे उंच, खांबाने विणताना पहिल्या फेरीत बारा खांब घेतले तर पुढे प्रत्येक फेरीत बारा वाढवायचे, म्हणजे बारा, चोवीस, छत्तीस, अठ्ठेचाळीस असे. आणि मुक्या, म्हणजे आखूड, खांबाने विणताना सहापासून सुरू करून प्रत्येक फेरीत सहाच वाढवायचे. धागा आणि हाताची ओढ यांप्रमाणे यात थोडा फरक पडतो, पण हिशोब हाच. तुमच्या वर्णनावरून काकूंच्या रुमालाला झालर पडते आहे. त्या व्हिडिओ पाहून शिकल्या आहेत, असेही तुम्ही लिहिले आहे. तेव्हा मला अशी दाट शंका येते की त्यांनी दोन ठिकाणच्या कृती एकत्र केल्या असाव्यात. अमेरिकी पद्धतीत ज्या टाक्याला सिंगल क्रोशे म्हणतात, त्यालाच ब्रिटिश पद्धतीत डबल क्रोशे म्हणतात, आणि व्हिडिओ कोणत्या पद्धतीचा आहे हे नेहमी सांगितलेले नसते. उंच खांबाचा वाढीचा हिशोब आखूड खांबाला लावला की कडेला झालर पडणारच. असे निघाले तर काकूंच्या हातात दोष नाही, त्यांना मिळालेल्या माहितीत आहे, आणि हे त्यांना सांगताना तुमचा स्वरही आपोआप वेगळा लागेल.

टोकांचेही तसेच. चमकदार मर्सराइज्ड सुती धागा गुळगुळीत असतो, त्यामुळे त्याचे टोक सहज निसटते. शेवटी बारा-पंधरा सेंटिमीटर धागा सोडावा, तो सुईत ओवून एका दिशेने काही टाक्यांतून न्यावा आणि पुन्हा उलट दिशेने परत आणावा. काकू बहुधा एक गाठ मारून टोक गाठीलगत कापत असतील. त्यांना तसे करताना एकदा पाहा, म्हणजे अंदाजाने बोलावे लागणार नाही.

मग बोलायचे कसे? पहिली गोष्ट म्हणजे एकांतात, आणि वस्तू दोघींच्या हातात असताना. शक्यतो काम चालू असतानाच बोला. नागपूरच्या महाल भागातल्या चितार ओळीत, म्हणजे मूर्तिकारांच्या गल्लीत, गणपतीच्या आधी एखादी चक्कर मारली असेल, तर तुम्ही पाहिलेच असेल की माती ओली असेपर्यंत मूर्तिकार सोंडेचा बाक आणि बोटांची ठेवण सहज बदलतो, आणि रंग चढल्यावर मात्र कोणी काही सुचवले तर त्याला हात जोडण्यापलीकडे काही करता येत नाही. विणकाम तर उसवता येते, तरीही पूर्ण झालेला रुमाल उसवायला सांगणे आणि चौथ्या फेरीवर थांबायला सांगणे यांत फार अंतर आहे. पुढच्या शनिवारी काकू नवा रुमाल सुरू करतील तेव्हा त्यांच्या शेजारी बसा, आणि पहिल्या चार-पाच फेऱ्या झाल्या की मगच तोंड उघडा.

आणि आधी विचारा. ‘काकू, हा रुमाल कशावर घालायचा म्हणता?’ हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो, कारण त्याच्या उत्तरावर पुढचे सारे बोलणे अवलंबून असते. त्या म्हणाल्या, ‘नातीच्या बाहुलीसाठी करते आहे’, तर तुम्हाला काहीही सांगायचे नाही; झालर बाहुलीच्या घेराला शोभूनच दिसेल. त्या म्हणाल्या, ‘स्टॉलसाठी’, तर ही वस्तू अनोळखी माणूस पैसे देऊन नेणार आहे, आणि त्या माणसाच्या वतीने बोलण्याचा अधिकार गटाने तुम्हाला दिलेलाच आहे. घरच्यासाठी, भेटीसाठी आणि विक्रीसाठी एकच मापदंड लावणे हा शिक्षकी पेशातून आलेल्या माणसांचा नेहमीचा आग्रह असतो. तो तुम्ही थोडा सैल करावा, असे मला मनापासून वाटते.

यानंतरचे बोलणे साधारण असे होऊ शकेल: ‘काकू, तुमची वीण किती एकसारखी आली आहे न, घट्ट नाही की सैल नाही. हा रुमाल जरा टेबलावर पसरून बघू. ही कड बघा, बोट फिरवून बघा. उचलल्यासारखी लागते न? मला वाटतं, वाढीचे खांब जास्त पडताहेत. कितवी फेरी ही? चला, दोघी मिळून मोजू.’ यात ‘तुम्ही चुकलात’ असे कोठेही आलेले नाही, आणि तरी काहीही लपवलेले नाही. दोष काकूंच्या बोटालाच कळू दिला आहे, आणि मोजणी दोघींनी मिळून केली आहे. हिशोब चुकला असेल तर तो आकडाच दाखवेल, तुम्हाला निकाल देत बसावे लागणार नाही.

वीण एकसारखी आल्याचे कौतुक मी येथे मुद्दाम घातले आहे, पण गोड बोलून मग कडू पाजावे म्हणून नव्हे. आधी स्तुती, मध्ये टीका आणि शेवटी पुन्हा स्तुती अशी एक ठरावीक रीत हल्ली बरेच जण सुचवतात. मला ती पटत नाही, कारण दोन-तीनदा तसे झाले की ऐकणाऱ्याला स्तुती सुरू होताच धडकी भरते, आणि मग खरी स्तुतीही तिच्यापर्यंत पोचत नाही. कौतुक करायचे तर ते टीकेइतकेच नेमके असावे. वीण एकसारखी ठेवणे ही क्रोशातली अवघड गोष्ट आहे आणि ती काकूंना साधली आहे. हे त्यांना आजवर कोणी सांगितलेले नाही, कारण तुमच्या ‘छान झालंय’मध्ये तेही बुडून गेले. आपले कोणते काम टिकवायचे आणि कोणते बदलायचे हे कळण्यासाठी माणसाला दोन्ही गोष्टी सारख्याच स्पष्ट ऐकाव्या लागतात.

एका बैठकीला एकच गोष्ट सांगा. आधी वाढीचे सांगा, टोकांचे पुढच्या शनिवारी. आणि गेल्या वर्षी परत आलेल्या रुमालाचे? मला वाटते, तेही सांगावे, पण शेवटी, वाढ जमू लागल्यावर, साध्या शब्दांत: ‘काकू, गेल्या दिवाळीत एक रुमाल परत आला होता, मी तुम्हाला सांगितलं नाही, सांगायला हवं होतं.’ तुम्ही दुरुस्त केलेल्या रुमालांचेही त्याच वेळी सांगून टाका. काकू चिडतील, कदाचित डोळ्यांत पाणीही आणतील. त्या वेळी समजावण्याची घाई करू नका, आणि ‘तसं काही नाही हो, छानच होतं’ असे म्हणून बोललेले परत तर मुळीच घेऊ नका. पतीमागे ज्या बाईने रिकाम्या दुपारी या सुईच्या आधाराने काढल्या, तिला रुमालातली उणीव म्हणजे स्वतःतली उणीव वाटणे स्वाभाविक आहे, आणि त्या समजुतीतून त्यांना बाहेर येता यावे म्हणूनच तुम्ही शनिवारी त्यांच्या शेजारची जागा सोडायची नाही. त्या म्हणाल्या की मला विकायचेच नाही, मी आपली हौस म्हणून करते, तर तेही मान्य करा, आणि मग तुमचे काम तेथे संपते.

काकूंशी बोलून झाल्यावरच गटाकडे वळा. आधी नियम करून मग त्यात काकूंना बसवले, तर नियम कोणासाठी झाला हे सगळ्यांनाच कळेल. पण नियम हवा, हे मात्र खरे. आज सारी पारख तुमच्या एकटीच्या नजरेवर सोपवलेली आहे, त्यामुळे तुमचा प्रत्येक शब्द हा तुमचा वैयक्तिक शेरा ठरतो. आपल्या वर्ध्याच्या परिसराने सूतकताईचा मोठा काळ पाहिला आहे. सुताची पारख करताना त्याचा नंबर (म्हणजे बारीकपणा), मजबुती आणि एकसारखेपणा पाहतात. कातणारी कोण आहे याला त्यात जागा नसते, आणि उणीव कळली की ती चातीवरच्या (सूत गुंडाळणाऱ्या चरख्याच्या काडीवरच्या) हाताने सुधारायची की पेळूतच (कातण्याच्या कापसाच्या वळीतच) सुधारणा हवी, हेही कळते. तुमच्या गटालाही अशा चार-सहा कसोट्या एकत्र बसून ठरवता येतील. वस्तू पसरली की सपाट बसते का, एकदा धुऊन टोके जागच्या जागी राहतात का, ओला पांढरा सुती कपडा रंगीत धाग्यावर दाबला तर त्याला रंग लागतो का, गोधडीचा धावदोरा ओढला तर खालचे थर गोळा होतात का, भरतकामाचे कापड आधी धुऊन आटवून घेतले होते का. प्रत्येकीने आपली वस्तू आधी स्वतः या कसोट्यांवर तपासावी आणि मग शेजारणीला द्यावी. तुमच्या वस्तूही त्याच ओळीत असू द्या, आणि त्या काकूंच्या हाती तपासायला द्या. ज्या बाईला फक्त तपासून घ्यावे लागते आणि तपासायला कधीच मिळत नाही, तिची नजर तयार होत नाही.

या नजरेसाठी गटाने थोडे बाहेरही पडावे. सिव्हिल लाइन्समध्ये दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राच्या आवारात हिवाळ्यात ऑरेंज सिटी क्राफ्ट मेळा भरतो, तेथे वेगवेगळ्या राज्यांतले कारागीर आपल्या वस्तू घेऊन बसलेले असतात. खरेदीच्या गर्दीत न जाता दुपारच्या निवांत वेळी जा, एकेकीने एकेक वस्तू उलटून पाहा, आणि ‘यात दोष कशाला म्हणता?’ असे कारागिरालाच विचारा. ज्याचे पोट त्या कामावर चालते तो माणूस हे किती मोकळेपणाने सांगतो, ते ऐकण्यासारखे असते. वर्ध्याचे मगन संग्रहालयही एका दिवसात पाहून येण्यासारखे आहे. १९३८ साली गांधीजींच्या हस्ते ते सुरू झाले, आणि ग्रामोद्योगांची अवजारे तेथे पाहायला मिळतात. अवजार पाहिले की वस्तूतली उणीव कुठून येते हे समजू लागते.

किमतीचा एक छोटा मुद्दा राहिला. किरकोळ उणीव असलेली, पण वापरायला पक्की असलेली वस्तू स्टॉलवर ठेवायला माझी हरकत नाही. ती वेगळ्या टोपलीत ठेवावी, उणीव चिठ्ठीवर लिहावी आणि किंमत उतरवावी. ही चिठ्ठी मात्र जिची वस्तू तिनेच लिहावी.

आता त्या तरुण सभासदाकडे येते, जिने गटात येणे सोडले. त्या दिवशी तुम्ही सगळ्यांसमोर बोललात याची खंत तुम्हाला आहे, आणि ती रास्त आहे. पण तुमचे निरीक्षण तरी बरोबर होते का, हेही मी तुम्हाला विचारते. तिने उशीचा अभ्रा भरला होता, असे तुम्ही लिहिले आहे. अभ्र्याची मागची बाजू आत जाते. तेथे दोन गाठी जास्त असल्या तर कोणाचे काय अडते? मागची बाजू पुढच्यासारखीच नीट दिसली पाहिजे, हा भरतकामाच्या परीक्षेतला मापदंड आहे, आणि शिकणाऱ्याच्या हाताला वळण लागावे म्हणून तो योग्यही आहे. पण हेच भरतकाम बाळाच्या झबल्यावर असते, तर मागे लोंबणाऱ्या लांब धाग्यांत बाळाचे बोट अडकले असते, आणि तेव्हा तो खरोखरीचा दोष ठरला असता. पांढऱ्या पातळ कापडावर काळा धागा मागून एका फुलापासून दुसऱ्या फुलापर्यंत ओढत नेला असता, तर तो पुढून दिसला असता, आणि तोही दोषच. त्या अभ्र्यात यांतले काही होते का, आठवून पाहा. नसेल, तर त्या मुलीची तुम्ही दोन्ही अंगांनी माफी मागायला हवी, बोलण्याच्या रीतीसाठी आणि बोलण्याच्या आशयासाठीही. तिच्या घरी जा, फोनवर हे करू नका. ‘तुझ्या भल्यासाठीच बोलले होते’ हे वाक्य घरीच ठेवून जा. ती परत येईल की नाही हे तिच्यावर सोडा, आणि गटात यायचा आग्रह त्या भेटीत तरी करू नका.

राहता राहिल्या फोटो पाठवणाऱ्या मुली. फोटोवरून हस्तकामाची पारख करणे तुम्ही शक्यतो टाळावे, कारण धाग्याची ओढ, कापडाचा पोत आणि शिवणीची मजबुती फोटोत उतरत नाही, रंगही खोटे दिसतात. ‘कसं झालंय?’ असे कोणी विचारले तर उलट विचारा: ‘कोणासाठी केलंस? कुठे अडल्यासारखं वाटलं?’ बहुतेक वेळा तिला स्वतःलाच ती जागा ठाऊक असते आणि ती लगेच सांगते, मग बोलायला एक नेमके ठिकाण मिळते. तेवढ्या भागाचा, कडेचा आणि उलट बाजूचा जवळून काढलेला फोटो मागवा, जे दिसते तेवढ्याबद्दलच बोला, आणि बाकीसाठी शनिवारी वस्तू घेऊन ये म्हणून सांगा. सल्ला लेखी पाठवण्यापेक्षा आवाजात रेकॉर्ड करून पाठवा. लिहिलेले वाक्य वाचणारीला तुमच्या मनात नसलेल्या कठोर स्वरात ऐकू येते. ज्या मुलीला नुसता आनंद वाटून घ्यायचा असेल तिला आनंदाचेच उत्तर द्या, पण त्यातही एक नेमकी गोष्ट असू द्या, ‘पानांच्या टोकाला रंग बदललास ते आवडलं’ अशी. आणि वस्तू आधीच कोणाला भेट देऊन झाली असेल, तर त्या दिवशी उणीव सांगू नका. पुढचे काम सुरू करताना ती धागा घेऊन तुमच्याकडे येईल, तेव्हा सांगा.